काडी

मंडळी, बरेच दिवसांनी लिहिते आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पडद्यासमोर बसायला मनाई केली होती, त्यामुळे इथे शुकशुकाट होता. आता एका डोळ्याने झक्क दिसतंय, तेव्हा सुरुवात करायला हरकत नाही.

नातीने गच्चीतल्या लिंबाच्या कुंडीवरची एक हिरवी अळी बरणीत पाळली होती. रोज कोवळी पानं घालायची, घाण काढायची, सगळं व्यवस्थित. अळीने लिंबाच्या काडीवर कोश केला. मग ती काडी वाळली, कोश सुटून बरणीच्या तळाशी पडला आणि तसाच राहिला. दहाएक दिवसांनी सकाळी नात ओरडत आली, "आजी, निघालं!" मी चष्मा लावून जाईपर्यंत फुलपाखरू बरणीच्या काचेवर चढायची धडपड करत होतं. चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. पंख म्हणजे ओल्या कागदाचे दोन बोळे. तळाशी थेंबभर रंगीत पाणी सांडलेलं. आम्ही दोघी बघत राहिलो. बराच वेळ गेला. पंख तसेच चुरगळलेले राहिले आणि तसेच वाळले.

नात रडली नाही. तिने मला विचारलं, "आजी, तू सांगितलेल्या गोष्टीत तर धडपड केली की पंखांत बळ येतं. ह्याने एवढी धडपड केली, मग ह्याचे का नाही उघडले?"

ती गोष्ट तुम्हालाही ठाऊक असेल. आधी ती मासिकांच्या कोपऱ्यात असायची, मग ईमेलमधून आली, आता रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांबरोबर फोनवर येते. एक माणूस कोशातून बाहेर पडायची फुलपाखराची धडपड बघतो, त्याला दया येते, तो कात्रीने कोश कापून देतो आणि फुलपाखरू जन्मभर लुळंच राहतं. कारण त्या अरुंद भोकातून पिळून निघतानाच अंगातला रस पंखांत जातो म्हणे. तात्पर्य, मदत करू नका, संघर्षातूनच बळ येतं. मी ही गोष्ट तीस वर्षं परिपाठात सांगितली. निरोपसमारंभात तर हमखास. बी. ए. ला माझा विषय मराठी, त्यामुळे गोष्ट रंगवून सांगायची हौस दांडगी आणि ती खरी आहे का हे तपासायची सवय शून्य.

नातीच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. म्हणून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामी, ती गोष्ट चुकीची आहे. पण खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. वाचायला पाठवतो." त्याने पाठवलेलं महिनाभर हळूहळू वाचलं, शब्दकोश शेजारी ठेवून. त्यातलं मला जे उमगलं ते आज सांगते.

सुरुवात त्या रंगीत थेंबापासूनच करते. सन १६०८, जुलै महिना, दक्षिण फ्रान्समधलं एक्स नावाचं शहर. शहराबाहेरच्या भिंतींवर आणि आसपासच्या गावांत एके दिवशी लाल थेंब दिसले. रक्ताचा पाऊस पडला अशी आवई उठली. धर्मगुरूंपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे म्हणू लागले, हे सैतानाचं काम. गावात पेरेस्क नावाचा एक विद्वान गृहस्थ राहत होता. त्याने त्याच सुमारास एक मोठासा कोश डबीत घालून ठेवला होता. डबीत फडफड ऐकू आली म्हणून उघडून बघतो तर फुलपाखरू बाहेर पडलेलं आणि डबीच्या तळाशी एक लाल डाग! मग तो भिंती बघत हिंडला. थेंब छपरांवर नव्हते, जिथं पाऊस लागत नाही अशा वळचणीला आणि खाचांत होते. त्या वर्षी फुलपाखरंही उदंड झाली होती. कोशात असताना साठलेली घाण फुलपाखरू बाहेर आल्यावर टाकून देतं, तो हा रक्ताचा पाऊस. पेरेस्कच्या चरित्रकाराने हे लिहून ठेवलं आणि पुढच्या शतकात रेओम्युर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपल्या कीटकांवरच्या ग्रंथात ते पुन्हा सांगितलं. एका डबीने अख्ख्या गावाची भीती घालवली. मला ही हकिकत फार आवडली.

पण अळीला पंख येतात कुठून? त्या काळी बऱ्याच जणांना वाटे की कोशात अळी मरते आणि तिच्या जागी दुसराच जीव जन्मतो. ह्या समजाला धक्का दिला तो अ‍ॅमस्टरडॅमच्या यान स्वामरडॅमने. १६६८ साली फ्लॉरेन्सचा राजपुत्र कोसिमो दे मेदिची त्याचा संग्रह बघायला आला. स्वामरडॅमने त्याच्यासमोर एक पूर्ण वाढलेली अळी घेतली, हलक्या हाताने तिची कातडी सोडवली आणि आत घडी करून ठेवलेले पंख दाखवले. राजपुत्र इतका खूश झाला की त्याने संग्रहासाठी १२,००० गिल्डर देऊ केले, अट एवढीच की स्वामरडॅमने फ्लॉरेन्सला येऊन राहावं. तो गेला नाही. १६८० साली त्रेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याचा मोठा ग्रंथ छापून निघाला तो १७३७-३८ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने.

त्याच काळातली एक बाई, मारिया सिबिला मेरियान. तेराव्या वर्षी फ्रँकफुर्टला रेशमाचे किडे पाळू लागली आणि जन्मभर अळ्या, कोश, फुलपाखरं रंगवत राहिली, प्रत्येक अळी तिच्या खाण्याच्या झाडासह. १६७९ साली तिचं पहिलं अळ्यांचं पुस्तक आलं. १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रं विकून पैसे उभे केले आणि धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. आजारी पडून दोन वर्षांनी परतली आणि १७०५ साली सुरिनामच्या किड्यांचा तो प्रसिद्ध ग्रंथ काढला. बावन्नाव्या वर्षी मी काय करत होते ते आठवलं आणि गप्प बसले. असो.

म्हणजे पंख कोशातून निघायच्या आधीच तयार असतात. भाच्याने मला समजावलं ते असं. "मामी, नऊवारी लुगड्याची घडी बघ. लुगडं घडीत लहान दिसतं, पण लांबी तेवढीच असते. पंखाचंही तसंच. तो बाहेर आल्यावर वाढत नाही, उलगडतो." पंख म्हणजे दोन पातळ पापुद्र्यांची चपटी पिशवी, बारीक निऱ्या घालून दाबलेली. किडा बाहेर आला की पोटाचे स्नायू आवळतो आणि रक्त ढकलतो. (त्यांचं रक्त आपल्यासारखं तांबडं नसतं.) पुष्कळ किडे हवाही गिळतात, म्हणजे पोट फुगून रक्तावर दाब येतो. ते रक्त दोन पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि निऱ्या सुटतात. मग रक्त मागे फिरतं, मधल्या पेशी मरून जातात, पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि पंख कडक होतो. फुलपाखराचे पंख उलगडायला थोडी मिनिटं लागतात, कडक व्हायला तासभर किंवा जास्त. त्या वेळात जो आकार मिळाला तो कायमचा. आमच्या बरणीतल्या जिवाची ती वेळ काचेवर घसरण्यात गेली.

आता पुढचा प्रश्न. ही वेळ ठरवतं कोण? इथून पुढची हकिकत विसाव्या शतकातली. स्टेफान कोपेच नावाच्या पोलिश शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात अळ्यांना दोरा बांधून आणि त्यांचा मेंदू काढून दाखवून दिलं की कोश होण्याचा हुकूम मेंदूकडून रक्तावाटे येतो. किड्यांमध्येही संप्रेरकं असतात हे त्यातून पुढे आलं. १९४१ साली नाझींनी ह्या माणसाला गोळ्या घालून मारलं.

दुसरा गॉटफ्रीड फ्रेंकेल. म्युनिकमध्ये जन्मलेला ज्यू. १९३३ मध्ये हिटलर आल्यावर जर्मनी सोडून लंडनला गेला. तिथं १९३५ साली त्याने माशीच्या अळीला मधोमध दोरा बांधला. दोऱ्याच्या पुढचा भाग कोश झाला, मागचा अळीच राहिला. पुढे तो अमेरिकेत इलिनॉयला प्राध्यापक झाला आणि १९६२ साली, साठी ओलांडल्यावर, पुन्हा दोराच हातात घेतला. ह्या वेळी नुकत्याच बाहेर पडलेल्या माशीच्या मानेला. लगेच बांधला तर धड फिकट आणि मऊच राहिलं. थोडा वेळ जाऊ देऊन बांधला तर ते नेहमीसारखं काळं आणि कडक झालं. मग फिकट राहिलेल्या माशीला दुसऱ्या माशीचं रक्त टोचलं, तर तीही काळी पडली. म्हणजे डोक्याकडून हुकूम सुटतो आणि रक्तातून काहीतरी वाहत जातं. कॉट्रेल नावाच्या शास्त्रज्ञालाही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच सापडलं. १९६५ साली फ्रेंकेल आणि त्याची सहकारी शियाओ यांच्या लेखात त्याला नाव मिळालं, बर्सिकॉन. ग्रीक भाषेतल्या कातडं कमावण्याच्या शब्दावरून! मराठीच्या बाईला ह्याहून आनंदाची गोष्ट कोणती? कातडं कमावतात तसा पंखही कमावला जातो. पुढे कळलं की हे संप्रेरक आधी पंख मऊ करायला आणि मग कडक करायला, दोन्हीला लागतं. २००२ साली असंही दिसलं की फळमाशीच्या एका वाणात हा निरोप घेणारी जागाच बिघडलेली असते. त्या माश्यांचे पंख उलगडतच नाहीत. त्या वाणाचं नाव मुडदूस. २००४-०५ च्या सुमाराला बर्सिकॉन दोन प्रथिनांच्या जोडीने बनलेलं आहे हेही उलगडलं.

आता माझ्या गोष्टीचं काय झालं ते ऐका. १९६४ साली काफाटोस आणि विल्यम्स यांनी दाखवलं की टसर जातीचा पतंग आपला कठीण कोसला फाडत नाही. तो तोंडावाटे एक रस सोडतो, रेशमाचा डिंक विरघळवतो आणि मऊ झालेल्या टोकातून बाहेर येतो. १९७० साली ट्रुमन आणि रिडिफर्ड ह्या दोघांनी सकाळी निघणाऱ्या जातीचा मेंदू दुपारी निघणाऱ्या जातीच्या पोटात आणि त्याचा ह्याच्या पोटात बसवला. पतंगांनी वेळा बदलल्या! ज्याचा मेंदू त्याची वेळ. त्यांतली एक जात चिनी टसर, आपल्या भंडारा-गडचिरोलीच्या टसरची बहीण. आणि १९७१ साली ट्रुमनने पतंगावरची कोशाची सालच सोलून काढली, निघायची वेळ व्हायच्या आधी. म्हणजे गोष्टीतल्या दयाळू माणसाने केलं तेच. तो पतंग लुळा झाला का? नाही. तो कोशात असल्यासारखा गप्प पडून राहिला. त्याची नेहमीची वेळ आल्यावर पोट हलवू लागला, बाहेर पडण्याच्या सगळ्या हालचाली केल्या आणि मग पंख पसरले. धडपडून निसटायला कोशच उरला नव्हता, तरी पंख उघडले.

धडपड अगदीच फुकट असते असं नाही. मातीखाली निघालेल्या माशीला वर यायला ती करावीच लागते. पण फ्रेंकेलने बघितलं की जोवर ती माती उकरत असते, तोवर तिचे पंख उलगडतच नाहीत. मोकळ्यावर आली की मगच. फळमाशीला चिंचोळ्या जागेत कोंडलं तर तीही थांबून राहते. म्हणजे पंख धडपडीने उघडत नाहीत, धडपड संपून मोकळी जागा मिळाली की उघडतात. आणि थांबण्यालाही मर्यादा आहे.

कझान्तझाकिसच्या 'झोर्बा द ग्रीक' ह्या १९४६ सालच्या कादंबरीत ह्या गोष्टीचा एक जुना अवतार आहे. तिथं कथानायक कोशावर फुंकर घालून ऊब देतो, फुलपाखरू अवेळी निघतं आणि मरतं. तिथं दोष मदतीचा नव्हता, घाईचा होता. गोष्ट हातोहात फिरताना घाई गळून पडली आणि मदतच गुन्हेगार ठरली. फिरवणाऱ्या हातांत माझाही एक.

इथवर लिहून मी चार दिवस थांबले होते. पुढचं लिहावं की नाही, ठरत नव्हतं. घरच्यांनाही हे ठाऊक नाही.

१९८४ साल. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात मी हायस्कूलला होते. आमच्या वर्गात धिवरांचा एक मुलगा होता. त्याच्या घरी जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा काढायचे. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखं. दहावीचं वर्ष. दिवाळीनंतर एकदा शाळा सुटल्यावर तो दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या छपरीत रात्री अभ्यासाले बसू काय जी? घरी दिवा नाही."

आमच्या छपरीत चाळीसचा बल्ब होता. रात्री दहापर्यंत जळायचाच. पण माझ्या सासूबाईंना ते चाललं नसतं. का, ते तुम्ही समजून घ्या. आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी नव्हती. हे खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. त्याला मी फुलपाखराची गोष्ट सांगितली. छान रंगवून सांगितली. अडचणीतूनच पंखांना बळ येतं वगैरे.

त्याने सगळी ऐकून घेतली. मग खाली बघत म्हणाला, "बाई, आमच्या घरी कोसा कापून काढला तरी पाखरू निंगते जी. त्याले धरासाठी काडी मात्र पायजे."

मी हसले. वर्गात दुसऱ्या दिवशी ते गंमत म्हणून सांगितलंसुद्धा. पोरं हसली. तोही हसला असावा, मी नीट पाहिलं नाही. संक्रांतीनंतर तो शाळेत यायचा बंद झाला. त्या वर्षी परीक्षेला बसला नाही. पुढे माझी बदली झाली. तो कुठे आहे मला ठाऊक नाही.

स्वामरडॅम, फ्रेंकेल, ट्रुमन, सगळे वाचून झाल्यावर मला कळलं ते त्या पोराने मला एका वाक्यात सांगितलं होतं. त्याने ते रोज घरी बघितलेलं होतं. मी पुस्तकातली बाई, म्हणून मला वाटलं मीच शिकवते आहे. छपरीतल्या बल्बने तो डॉक्टर-इंजिनिअर झाला असता असं मी म्हणत नाही. पण त्याने धडपड मागितली नव्हती, ती त्याच्याकडे भरपूर होती. त्याने बसायला जागा मागितली होती.

आज सासूबाई नाहीत, त्यांना मधे आणण्यात अर्थ नाही. नकार माझा होता.

नातीला सगळं सांगितलं, अगदी छपरीपर्यंत. तिने विचारलं, "मग तू त्याला शोधलंस का?" नाही शोधलं, म्हटलं. ती काही बोलली नाही.

लिंबावर पुन्हा दोन अळ्या आल्या आहेत. ह्या वेळी बरणी नाही. जाळीचं झाकण घातलेली रुंद टोपली आहे आणि आत आम्ही दोघींनी करंजाच्या चार खरखरीत काड्या तिरप्या उभ्या केल्या आहेत. एकीने परवा कोश केला.

परिपाठाला ती गोष्ट अजून सांगणारे शिक्षक माझ्या ओळखीचे बरेच आहेत, काही हे वाचतातही. त्यांना एवढंच सांगणं, गोष्ट सांगायच्या आधी समोरचं पोर काय मागतंय ते एकदा ऐकून घ्या.

डोळ्याला आता पाणी येतंय, ऑपरेशनमुळेच असेल. थांबते.